उजनीत कॅनोने तीन दिवस: सामान किती न्यावं, कशात भरावं, बांधावं की मोकळं ठेवावं?

भीमाकाठ | ३ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उजनीच्या बॅकवॉटरला दोघांनी कॅनोने तीन दिवस, दोन मुक्काम असा बेत आहे. कुगावच्या बाजूने पाण्यात उतरायचं, करमाळ्याचा काठ धरून केत्तूरच्या दिशेने वर जायचं, तिकडे गाडी येईल. होडी १६ फुटी, पॉलिथिलीनची, वरून उघडी. मागे बसणारा मी, ७८ किलो. पुढे भाचा, ५६ किलो. दोघांनाही पोहता येतं.

प्रश्न तीन आहेत. सामान होडीला बांधून टाकावं की मोकळं ठेवावं? पिण्याचं पाणी किती न्यावं आणि कशात? आणि रात्रीसाठी स्लीपिंग बॅगा विकत घ्याव्यात की आपली सोलापुरी चादर पुरेल?

आत्ताची यादी: दोन वल्ही, दोन लाइफ जॅकेट, दोघांचा तंबू, गॅसची छोटी शेगडी, २० लिटरचा पाण्याचा जार, दोन बॅगा. काय चुकतंय ते सांगा.

कडकभाकरी | ३ डिसेंबर, रात्री ९:५२

सोलापूरचा माणूस आणि चादर न्यावी का विचारतोय! न्या की ओ, बिनधास्त न्या.

बंधारा_१३ | ३ डिसेंबर, रात्री १०:१५

बिनधास्त नको. चादर सुती असते. कापूस पाणी धरून ठेवतो, भिजलेली चादर दोघांनी पिळली तरी जड राहते आणि डिसेंबरच्या रात्री काही वाळत नाही. पाण्याच्या काठावर पहाटे दव इतकं पडतं की तंबू आतूनसुद्धा ओला होतो. चादर कोरडी राहिली तर तिच्यासारखी ऊब नाही, पण ओली झाली तर ती उघड्या अंगापेक्षा वाईट. तेव्हा खरा प्रश्न चादरीचा नाही, ती कोणत्या पिशवीत जाते याचा आहे.

टर्किश टॉवेलचंही तेच. मोठा टॉवेल घरी ठेवा, दोन पातळ पंचे घ्या. तासाभरात वाळतात.

नवीपेठ | ३ डिसेंबर, रात्री १०:२१

कॅनो आणि कयाक एकच ना?

बंधारा_१३ | ३ डिसेंबर, रात्री १०:२६

नाही. कॅनो वरून उघडी असते आणि एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवतात, बसून किंवा गुडघ्यावर. कयाकचं वल्हं दोन्ही टोकांना पात्याचं असतं आणि बहुतेक कयाकचा वरचा भाग बंद असतो. कॅनोत सामान खूप मावतं, म्हणून मुक्कामाच्या फेरीला ती बरी. पण उघडी असल्यामुळे लाट थेट आत येते. या धाग्यावरचं सगळं त्या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

वल्हेकरी | ४ डिसेंबर, सकाळी ७:०५

बांधायचं की मोकळं, यावर सविस्तर लिहितो.

होडी उलटली की ती पाण्याने भरते. आत सामान घट्ट बसवलेलं असेल तर जितकी जागा कोरड्या पिशव्यांनी अडवली तितकं पाणी आत येऊच शकत नाही. साठ लिटरच्या दोन फुगीर पिशव्या म्हणजे जवळजवळ सव्वाशे लिटर पाणी कमी. अशी होडी उंच तरंगते, दोघं दोन बाजूंनी एकाच वेळी चढू शकतात आणि आत बसून पाणी उपसता येतं. सोबत दुसरी होडी असेल तर ती पालथी होडी आपल्या होडीवर आडवी ओढून रिकामी करते, आणि तेव्हा बांधलेलं सामान आड येतं. तुमची होडी एकटी आहे. म्हणून तुमच्यासाठी उत्तर स्पष्ट आहे: मोठ्या दोन पिशव्या आणि डबा घट्ट बांधा.

घट्ट म्हणजे होडीच्या दोन कडा जोडणाऱ्या आडव्या दांड्यांना आणि तळाच्या दिशेने. पिशवी नुसती दांडीला लटकवली तर होडी उलटल्यावर ती खाली लोंबते आणि नांगरासारखी ओढ देते. दोरी पिशवीच्या पट्ट्यातून घालून एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर इंग्रजी झेड अक्षरासारखी घ्यायची, आणि शेवट सुरगाठीने. निरगाठ ओल्या दोरीत बोटांनी सुटत नाही. सुरगाठीचं टोक वीतभर मोकळं ठेवा, त्याहून जास्त नाही.

पाणकावळा | ४ डिसेंबर, सकाळी ८:३०

वल्हेकरींशी निम्मा सहमत. घट्ट बांधलेली ७०-८० किलोची होडी काठावर ओढताना हाल होतात. मी म्हणेन, प्रत्येक नग तीन मीटर दोरीने एका दांडीला अडकवा. उलटली की सामान बाहेर पडून शेजारी तरंगतं, होडी हलकी राहते, पोहत काठाला न्यायची.

वल्हेकरी | ४ डिसेंबर, सकाळी ८:४४

पाणकावळा, तीन मीटरच्या चार दोऱ्या पाण्यात मोकळ्या झाल्या की त्यात पहिला पाय माणसाचा अडकतो. उजनीत आधीच तंगूसची (बारीक नायलॉन धाग्याची) जाळी आहेत, त्यात आपल्या दोऱ्यांची भर नको. लांब दोरीची पद्धत शांत, छोट्या तळ्यावर ठीक. उजनीचा पसारा आणि वारा पाहता नको.

पाणकावळा | ४ डिसेंबर, सकाळी ९:०२

दोरीचा धोका मान्य. मग निदान एवढं करा: सुरी लाइफ जॅकेटलाच लावलेली असू द्या, बॅगेत नको. बोथट टोकाची, एका हाताने निघणारी. आणि मासेमारांची जाळी ओलांडायची नाहीत. थर्माकोलचे किंवा रिकाम्या बाटल्यांचे बोये ओळीने दिसतात, त्यांच्या टोकाला वळसा घाला. जाळं कापायची वेळ फक्त माणूस अडकला तरच. ते कुणाचं तरी पोट आहे.

टेंभुर्णीकर | ४ डिसेंबर, सकाळी ११:१०

कुणी पाण्याचं बोललंच नाही. उजनीचं पाणी गाळून किंवा उकळून पिऊ नका. भीमेच्या खोऱ्यात वर पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी येतं. उकळल्याने जंतू मरतात, त्यात विरघळलेली रसायनं जात नाहीत, आणि हिरवट शेवाळाचं विषही उकळून जात नाही. परदेशी लोक तळ्यात बाटली बुडवून छोट्या फिल्टरने पितात, ते इथे चालत नाही. पाणी घरून न्यायचं, एवढा एक फरक तुमचं सगळं गणित बदलतो.

माणशी रोज ४ लिटर पिण्याला, १ लिटर स्वयंपाकाला. दोघं, तीन दिवस: ३० लिटर, म्हणजे ३० किलो. तुमच्या यादीतला २० लिटरचा जार पुरत नाही आणि चालतही नाही, कारण त्याचं झाकण आडवं पडलं की गळतं. ५ लिटरचे सहा कॅन घ्या, अरुंद तोंडाचे, आट्यांच्या झाकणाचे. एक फुटला तर पाचच लिटर जातात. गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं हवा ठेवा, म्हणजे पाण्यात पडला तरी वर राहतो. भरून रात्रभर आडवे ठेवा आणि खाली वर्तमानपत्र पसरा. सकाळी कोणता गळतो ते कळतं.

कडकभाकरी | ४ डिसेंबर, दुपारी १२:०५

तीस किलो पाणी! मग भाजी-आमटी शिजवायला पाणी नासू नका. कडक भाकरी कशासाठी आहे? तिच्यात ओल उरलेली नसते, म्हणून ती पंधरा-पंधरा दिवस टिकते. माणशी एका जेवणाला दोन धरा. शेंगाचटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली, तीही टिकते. सोबत गूळ, शेंगदाणे, लसूण. पहिल्या दिवसाला धपाटे, ते दुसऱ्या दुपारपर्यंतच. रात्री गरम हवं असेल तर घरूनच बेसन, मीठ, हळद, तिखट, जिरं एकत्र करून पुडी बांधा: माणशी मूठभर, दीड कप पाणी, दहा मिनिटांत पिठलं. भाकरी त्यात कुस्करा.

एकच जपायचं. कडक भाकरी पाण्यापेक्षा दमट हवेला घाबरते. पिशवीत ठेवलीत तर चुरा होतो आणि हवा लागली की चिवट होते. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात उभ्या लावा आणि मधे कागद घाला.

बंधारा_१३ | ४ डिसेंबर, दुपारी १२:४०

कडकभाकरी, हे सोनं आहे. रात्रीचा चादरीचा सल्ला माफ.

भीमाकाठ | ४ डिसेंबर, दुपारी २:१५

खूप उपयोगी. आता पिशव्या. ड्राय बॅग (पाणी आत न शिरणाऱ्या, तोंडाला घडी घालायच्या पिशव्या) महाग वाटतात. खताच्या पोत्यातली आतली प्लास्टिकची पिशवी चालेल का? आणि भंगार बाजारात निळे प्लास्टिकचे ड्रम स्वस्त मिळतात, लोखंडी कडीचे.

रंगारी_गल्ली | ४ डिसेंबर, दुपारी ३:३०

दोन्हीला नाही.

खताच्या पिशवीत कण राहतातच. युरिया हवेतलं पाणी ओढतो, म्हणजे जी पिशवी कोरडं ठेवायला आणली तीच आत ओल धरते. शिवाय तो कपड्यांना आणि चेनला लागतो. ड्रमचं कारण जास्त गंभीर आहे. सोलापुरात कापड रंगवण्याचे उद्योग आहेत, त्यामुळे इथल्या भंगारातल्या ड्रममध्ये आधी रंग, आम्ल, ब्लीच काहीही असू शकतं. प्लास्टिक ते शोषून घेतं आणि धुऊन जात नाही. अन्नासाठी असा ड्रम कितीही घासला तरी वापरू नये.

नवा, खाद्यपदार्थांसाठीचा ३० लिटरचा ड्रम घ्या, रुंद तोंडाचा, कडीचा. दुकानातच एक परीक्षा करा: झाकणाच्या रबरी कडीवर कागदाची पट्टी ठेवून झाकण आवळा आणि पट्टी ओढा. चार बाजूंना चारदा. जिथे पट्टी सहज निसटते तिथून पाणी येणार. जेवण, शेगडी, काडेपेटी, औषधं या ड्रममध्ये. मुक्कामाला तोच पाट होतो, आणि उंदीर-मुंग्या आत जात नाहीत.

वल्हेकरी | ४ डिसेंबर, सायंकाळी ५:५०

कपडे आणि अंथरुणाला ड्राय बॅगच घ्या, पण शिवलेली नको, उष्णतेने सांधलेली. वापरताना चूक होते ती घडीत. पिशवी तीन चतुर्थांशच भरायची, गुडघा ठेवून हवा काढायची, तोंडाच्या दोन्ही पट्ट्या अगदी जुळवून किमान तीन घड्या घालायच्या, मग बकल. ठासून भरली की दीडच घडी बसते आणि मधे सुरकुती राहते. पाणी त्या सुरकुतीतून जातं. परीक्षा: रिकाम्या पिशवीत हवा भरून घड्या घाला आणि बादलीत दाबा. बुडबुडे दिसले तर पिशवी बाद.

चादरीसाठी आत आणखी एक जाड पॉलिथिनची पिशवी, तोंड पिळून दुमडून रबर लावलेली. एकावर विसंबायचं नाही. चादर, रात्रीचे कपडे, मोजे या एका पिशवीत, आणि मुक्कामी तंबू उभा राहिल्याशिवाय ती उघडायची नाही. दुसऱ्या पिशवीत तंबू आणि दिवसा लागणारं. ओला तंबू चादरीबरोबर बांधणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

मोबाइलच्या पारदर्शक पाकिटात आधी टिपकागद घालून अर्धा तास बादलीत ठेवा. कागद कोरडा निघाला तरच मोबाइल आत.

शिंगणापूर_रोड | ५ डिसेंबर, सकाळी ६:४०

लाइफ जॅकेटवर कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. २१ मे २०२४ ला याच पाण्यात, कुगाव-कळाशी दरम्यान, संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण गेले. पोहता येतं, हे वाक्य यादीतून काढून टाका. जॅकेट अंगावर, सगळ्या पट्ट्या लावून, पाण्यात असेपर्यंत. होडीत टेकायला किंवा बसायला वापरलं की आतला फोम दबतो आणि उचलण्याची ताकद कमी होते.

नीट बसतं का ते असं पाहा: पट्ट्या आवळून घ्या, दुसऱ्याला मागून खांद्यांच्या पट्ट्या वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते पाण्यात कानांपर्यंत येतं आणि तोंड खाली ढकलतं. ५६ किलोच्या मुलाला मोठ्या मापाचं जॅकेट देऊ नका. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर लावाच. शिट्टी जॅकेटला बांधा, प्रत्येकाची वेगळी.

टेंभुर्णीकर | ५ डिसेंबर, सकाळी ७:२०

ताई, बरोबर मुद्दा. वाऱ्याचं जोडतो. डिसेंबरात सकाळी पाणी आरशासारखं असतं, ऊन चढलं की वारा उठतो. उजाडताच निघा आणि अकराच्या आत दिवसाचं मुख्य अंतर संपवा. पाण्यावर इथे-तिथे पांढरा फेस दिसू लागला की वारा ताशी १५ किलोमीटरच्या पुढे आहे. सगळीकडे फेस दिसला म्हणजे २० च्या वर, आणि भरलेली उघडी कॅनो काठाला लावायची वेळ झाली. मधून आडवं जायचं नाही. काठापासून शंभर मीटरच्या आत राहा. उजनीची रुंदी मोठी, वारा जितक्या लांब पाण्यावरून येतो तितकी लाट उंच होते.

दहिगाव उपसा सिंचनाचं पाणी उजनीतूनच उचलतात. पंप चालू असताना त्या तोंडाजवळ ओढ असते, लांबून जा. शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबल पाण्यात असतात, दोऱ्यांवरून ओळखा. धरणाची भिंत आणि सांडव्याकडे तुमचा मार्ग नाहीच, ते बरंय. जलसंपदा विभागाची परवानगी आणि जवळच्या पोलिस ठाण्यात नोंद, दोन्ही निघण्याआधी करा. कोण, किती जण, कुठून कुठे, परत कधी, एवढं लिहून द्या.

पंढरीचा | ५ डिसेंबर, सकाळी ९:३०

त्यापेक्षा धरणाखाली भीमेतून पंढरपूरपर्यंत का जात नाही? प्रवाह पुढे नेईल, सामानही कमी.

टेंभुर्णीकर | ५ डिसेंबर, सकाळी ९:५५

त्या वाटेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतील तर प्रत्येक ठिकाणी होडी आणि साठ किलो सामान बाहेर काढून उचलून पलीकडे न्यायचं. पाणी वरून पडत असेल तर बंधाऱ्याच्या पायथ्याशी ते उलटं फिरतं आणि होडी-माणूस दोघांना तिथेच धरून ठेवतं, लाइफ जॅकेट असलं तरी. शिवाय विसर्ग कधी वाढेल सांगता येत नाही, आणि वाळू उपशाचे खड्डे आहेत. बॅकवॉटरच बरं.

पाणकावळा | ५ डिसेंबर, सकाळी ११:४०

नकाशाबद्दल एक महत्त्वाचं. आत्ताची नाही, मे महिन्याची उपग्रह प्रतिमा बघा. उजनी शून्य टक्क्यांवर आली तरी सुमारे ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा असतो, आणि त्याखाली मायनसमध्ये गेली की जुनी गावं, भिंती, झाडांचे बुंधे उघडे पडतात. पळसदेवचं जुनं मंदिर तसंच वर येतं. आत्ता डिसेंबरात ते सगळं हातभर पाण्याखाली असू शकतं. मे महिन्याच्या चित्रात जिथे भिंत किंवा झाडं दिसतात ती ठिकाणं मोबाइलच्या नकाशावर खुणा करून घ्या, आणि नकाशा इंटरनेटशिवाय उघडेल असा उतरवून ठेवा.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसले तर लांबूनच. थवा मान वर करून एका दिशेला चालू लागला म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात.

नवीपेठ | ५ डिसेंबर, दुपारी १:१०

फुगवायची कॅनो घेतली तर गाडीच्या डिकीत बसेल. ती का नको?

बंधारा_१३ | ५ डिसेंबर, दुपारी १:३५

चालते, पण तिथल्या काठाला वेडी बाभूळ आहे आणि गाळात शिंपल्यांच्या धारा. घेतलीच तर पीव्हीसीचं दोन भागांचं गोंद आणि ठिगळं न्या. सायकल पंक्चरचं सोल्युशन रबरासाठी असतं, पीव्हीसीवर सुटून येतं. ठिगळ लावायच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासायच्या, पुसायच्या, गोंद दोन थर, आणि पूर्ण पकड यायला दिवसभर. दुपारी काठावर उन्हात ठेवताना थोडी हवा काढा. आतली हवा तापून फुगते आणि सांधे उसवतात.

भीमाकाठ, तुमच्या पॉलिथिलीनच्या होडीचा उलटा त्रास. तिच्यावर एम-सील किंवा कुठलंही साधं गोंद धरत नाही, पापुद्र्यासारखं निघतं. तात्पुरतं रुंद, जाड चिकटपट्टी, कोरड्या पृष्ठभागावर, आतून आणि बाहेरून. चिकटपट्टी वल्ह्याच्या दांड्याला चार वेढे गुंडाळून ठेवा, वेगळी जागा लागत नाही.

शिंगणापूर_रोड | ५ डिसेंबर, दुपारी ४:२०

गाडीवर बांधण्याचंही सांगा कुणी. सोलापूर ते टेंभुर्णी हायवेला ट्रकच्या शेजारून जाताना वारा होडी उचलतो.

वल्हेकरी | ५ डिसेंबर, सायंकाळी ६:१५

पालथी ठेवायची. दोन आडवे पट्टे, शिवाय पुढचं टोक बंपरखालच्या हुकाला आणि मागचं टोक मागच्या हुकाला, अशा चार जागा. आडव्या पट्ट्यांना एकेक पीळ द्या, नाही तर सपाट पट्टा वाऱ्यात भणभणतो आणि सैल होतो. पॉलिथिलीनची होडी उन्हात मऊ पडते. पट्टा फार आवळला तर तळ आत दबतो आणि तसाच राहतो. मोहोळला एकदा थांबून सगळे पट्टे हाताने तपासा.

यादीत न दिसलेल्या गोष्टी: तिसरं वल्हं, कारण एक तुटलं किंवा वाहून गेलं तर उघड्या पाण्यावर एकट्याच्या जोरावर भरलेली होडी वाऱ्यापुढे टिकत नाही. ते हाताला लगेच येईल असं खोचा. पाणी उपसायला ५ लिटरच्या तेलाच्या कॅनचा तळ तिरपा कापा, झाकण घट्ट लावा, मूठ आयतीच मिळते, आणि तो दोन फूट दोरीने आसनाला बांधा. एक मोठा स्पंज. दोन्ही टोकांना ५-५ मीटर तरंगणारी दोरी, ८ मिलिमीटर, वेटोळं करून रबराखाली अडकवलेली. जादा टॉर्च.

वल्ह्याची लांबी आताच तपासा: खुर्चीत ताठ बसा, वल्ह्याची मूठ आसनावर टेकवा, दांडा उभा. पातं जिथे सुरू होतं ती जागा हनुवटी आणि नाकाच्या मधे यावी. भाच्याला तुमच्या मापाचं देऊ नका.

कुंभारवेस | ५ डिसेंबर, रात्री ९:०५

मुक्कामाचं: काठ म्हणजे कुणाचं तरी शेत असतं, पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेलं (गाळपेर) असतं. मालकाला विचारून तंबू लावा. ऊस तोडलेल्या रानात पाचट पसरलेलं असतं, त्यात शेगडी अजिबात पेटवू नका, आणि उभ्या उसाच्या बांधाला लागून झोपू नका. शेगडी उघड्या मातीवर, वाऱ्याच्या आड, आडोसा मात्र गॅसच्या डब्याला वेढणारा नको, डबा तापतो. २३० ग्रॅमचा एक डबा दोघांना तीन दिवस पुरतो, कडक भाकरी असेल तर उरतो. सकाळी बूट उलटे करून झटका, विंचू ओलाव्याला येतो.

गाळात उतरताना होडी सोडू नका. तिच्या कडेवर भार देऊन ढकलत ढकलत या. चपला गाळात राहतात, मागे पट्टा असलेले बूट घाला.

भीमाकाठ | ७ डिसेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. सामान जमवून वजनकाट्यावर घातलं: पाण्याचे सहा कॅन ३० किलो, जेवणाचा ड्रम १४, अंथरुणाची पिशवी ९, तंबूची पिशवी ८. एकूण ६१. चादरी दोनच नेतोय, दुहेरी पिशवीत. ड्रम होडीच्या मधोमध, कॅन तीन पुढे तीन मागे, पिशव्या दोन्ही टोकांना. बरोबर आहे का?

वल्हेकरी | ७ डिसेंबर, रात्री ९:१०

टोकांना काही नको. टोकाला वजन असलं की होडी लाटेवर चढत नाही, लाटेत घुसते. आणि तुमच्यात-भाच्यात २२ किलोंचा फरक आहे, शिवाय मागचं आसन मध्यापासून जास्त लांब असतं. रिकाम्या होडीत पुढचं टोक हवेत राहील आणि आडवा वारा ते सहज फिरवेल. म्हणून सहाही कॅन भाच्याच्या आसनाच्या लगेच मागे, तळाला, दोन रांगांत. त्यामागे ड्रम आडवा, तोंड बाजूला. पिशव्या मध्याच्या थोड्या मागे, कडेच्या वर काही येऊ नये. काठालगत गुडघाभर पाण्यात दोघं बसा आणि तिसऱ्याला बाजूने बघायला सांगा: मागचं टोक बोटभर खाली चालेल, पुढचं खाली नको. समोरून वारा असेल तेव्हा दोन कॅन अजून पुढे सरकवा. मागून असेल तर दोन मागे घ्या.

भीमाकाठ | ७ डिसेंबर, रात्री ९:२२

पण पाणी पीत जाऊ तसं पुढचं वजन कमी होईल की. तिसऱ्या दिवशी दहाच किलो उरेल.

टेंभुर्णीकर | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

रिकामा झालेला कॅन तिथल्या तिथे उजनीच्या पाण्याने भरा आणि त्याच जागी ठेवा. फक्त भरण्याआधी झाकणावरून लाल चिकटपट्टीचे दोन वेढे आणि मुठीला लाल चिंधी, म्हणजे अंधारात हातालाही कळतं. लाल चिंधीचा कॅन कुणी तोंडाला लावायचा नाही, हे भाच्याला घरीच दोनदा सांगा. चिंध्या सहा घ्या, ड्रमच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.

भीमाकाठ | ७ डिसेंबर, रात्री ९:४४

लाल चिंध्या यादीत लिहिल्या. रविवारी काठालगत बसून बघतो आणि टोकं किती बोटं खाली आहेत ते इथे टाकतो.